दुसऱ्या इंजिनाचा हिशेब

१९४९ पासून पुढे कित्येक वर्षे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मध्यरात्री चार विमानांची गाठ पडत असे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी टपालाच्या थैल्या घेऊन डाकोटा विमाने येत, तिथेच थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत ती आपापल्या वाटेला लागत. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला पोचे ते या मध्यरात्रीच्या देवघेवीमुळे. अंधारात सातपुड्याच्या जंगलांवरून रोज उडायचे, तर विमानाला दोन इंजिने हवीत. एक दगावले तरी दुसऱ्यावर घर गाठता येईल, हा या सेवेमागचा भरवसा होता.

१२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे मद्रासकडे निघालेल्या डाकोटाने सोनेगावची धावपट्टी सोडली आणि एका इंजिनाची ताकद गेली. दुसरे इंजिन होते. तरीही विमान कोसळले आणि तेरा माणसे गेली. वाचला तो एकटा वैमानिक.

दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असे आपण प्रवासी सहज धरून चालतो. दुसरे इंजिन वाचवते हे खरे आहे. पण ते कसे वापरायचे हे ज्याच्या पायांना ठाऊक आहे, त्यालाच ते वाचवते. पायांना, असे मी मुद्दाम म्हणतो. हे शिक्षण आधी पायांत उतरावे लागते. वैमानिकाच्या परवान्यावर ज्या नोंदीला ‘मल्टी-इंजिन रेटिंग’ म्हणतात आणि फ्लाइंग क्लबातली मुले नुसते ‘मल्टी’ म्हणतात, ती या पायांच्या शहाणपणाची नोंद आहे. ते शहाणपण द्यायचा खर्च शंभर वर्षांत कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला, हे आज नीट पाहायला हवे. देशातल्या विमान कंपन्यांनी शेकड्यांनी नवी विमाने मागवली आहेत. एअर इंडियाने २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० विमानांचा करार जाहीर केला, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. ती सारी दोन इंजिनांची यंत्रे आहेत, आणि त्यांच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या मुलाकडून ‘मल्टी’ आधीच पदरी असण्याची अपेक्षा आहे.

आधी ही विद्या काय आहे ते पाहू.

पंखांवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक इंजिन असलेले विमान दोन बैल जुंपलेल्या गाडीसारखे असते. एक बैल बसला की गाडी त्याच्या अंगाला वळते. विमानाचेही तसेच: बंद इंजिनाच्या बाजूला नाक ओढले जाते, कारण चालू इंजिन एकट्याने एका बाजूने ढकलत असते आणि मेलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्यात नुसता फिरत उलटा अडथळा करत असतो. हे वळण थोपवण्यासाठी वैमानिक विरुद्ध बाजूचे रडर पॅडल पायाने दाबून धरतो. मग दाबणारा पाय एका बाजूला आणि रिकामा पाय दुसऱ्या बाजूला. ज्या बाजूचा पाय रिकामा, त्या बाजूचे इंजिन मेलेले. पण एवढ्यावर विसंबायचे नसते. त्या बाजूचा थ्रॉटल हळूच मागे घ्यायचा, काही फरक पडला नाही तर खात्री झाली, आणि मगच त्या पंख्याची पाती वाऱ्याला धारेने समोर जातील अशी वळवायची. याला फेदरिंग म्हणतात. असे केले की अडथळा बराच कमी होतो.

आता यातला जीवघेणा भाग. रडरची ताकद वेगावर अवलंबून असते. वेग एका मर्यादेखाली गेला की पॅडल पुरते दाबूनही नाक थोपत नाही, विमान मेलेल्या इंजिनाकडे वळत वळत कुशीवर पडते आणि पाठीवर उलटते. वेगदर्शकावर ही मर्यादा लाल रेघेने दाखवलेली असते. एका इंजिनावर सर्वांत चांगली चढण मिळते तो वेग निळ्या रेघेने दाखवतात. लाल रेघेशी पोचलेल्या विमानाला सोडवायचे तर चालू इंजिनाची ताकद कमी करावी लागते आणि नाक खाली घालावे लागते. जमीन जवळ असताना उरलेले एकमेव इंजिन आपल्या हाताने मंद करायचे! माणसाची सारी उपजत बुद्धी याच्या विरुद्ध ओरडते. म्हणून हे वाचून कळत नाही, ते हाडीमासी मुरेपर्यंत करावे लागते. आणखी एक गोष्ट नवशिक्याला हादरवते. निम्मी ताकद गेली म्हणजे निम्मी चढण गेली असा हिशेब इथे चालत नाही. छोट्या दुइंजिनी विमानात एक इंजिन गेले की चढण्याच्या क्षमतेचा सुमारे ८० टक्के भाग जातो. उन्हाळी दुपारी, तापलेल्या विरळ हवेत, विदर्भातल्या धावपट्टीवर उरलेल्या २० टक्क्यांतून काय निघेल याचा अंदाज वाचकाने करावा.

हे शिकवणे स्वतःच धोक्याचे असते, आणि त्याची किंमत जगाने मोजली आहे. ३० मार्च १९६७ रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सजवळ डेल्टा कंपनीचे चार इंजिनांचे डीसी-८ विमान प्रशिक्षणाच्या उड्डाणावर होते. दोन इंजिने गेल्याचे धरून उतरण्याचा सराव चालला होता. विमान विमानतळाजवळच्या वस्तीवर आणि एका मोटेलवर कोसळले. विमानातले सहा आणि जमिनीवरचे तेरा जण गेले. मोटेलमध्ये मेलेल्यांत सहलीला आलेल्या शाळकरी मुली होत्या. आपल्याकडची घटना आणखी जवळची आहे. ८ मार्च १९९४ ला दिल्लीच्या पालम विमानतळावर सहारा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ नव्या वैमानिकांच्या सरावासाठी उडत होते. एक इंजिन गेल्याचा प्रसंग उभा केला गेला. शिकणाऱ्याने रडर दाबले, पण चुकीच्या बाजूचे. शिक्षकाचे पाय पॅडलवर राखणीला असायला हवे होते, ते नव्हते. विमान कोसळून तळावर उभ्या असलेल्या एरोफ्लोटच्या विमानावर जाऊन आदळले. नऊ माणसे मेली. सारी चूक एका पायाची, काही क्षणांची.

असल्या अपघातांनीच मोठ्या विमानांचा हा सराव आकाशातून सिम्युलेटरच्या खोलीत नेला, आणि ते योग्यच झाले. पण छोट्या विमानावरचा पहिला धडा आजही हवेतच घ्यावा लागतो, आणि तो महाग आहे.

महाग का, हे समजून घेण्यासारखे आहे. दोन इंजिनांना इंधन दुप्पट लागते, हे तर उघडच. शिवाय सुमारे दोन हजार तास झाले की प्रत्येक इंजिन उघडून नव्याने बांधावे लागते, आणि ही इंजिने दोन असतात. सुटे भाग डॉलरमध्ये येतात. सेनेका किंवा सेमिनोलसारख्या पायपर विमानांना लागणारे एव्हगॅस हे खास पेट्रोल भारत वर्षानुवर्षे परदेशातून आणत होता. वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते तयार होऊ लागल्याचे जाहीर झाले ते २०२२ च्या सप्टेंबरात. डायमंड डीए-४२ हे नवे विमान जेटच्या इंधनावर चालते म्हणून संस्थांना आवडते, पण त्याची स्वतःची किंमत जबर आहे. शिवाय संस्थेत एक इंजिनाची दहा विमाने असली तर दोन इंजिनांचे एखादेच असते. ते दुरुस्तीला गेले की सगळी रांग थांबते. मुलगा खोलीचे भाडे भरत बसतो, वैद्यकीय दाखल्याची मुदत सरत जाते, आणि जे हातापायांत बसले होते तेही विसरायला लागते. ही थांबण्याची किंमत कुठल्याच फी-पत्रकात छापलेली नसते.

व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे किमान २०० तास उड्डाण लागते. त्यात १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, ३०० सागरी मैलांचा एक लांबचा पल्ला, पाच तास रात्रीचे, अशी अनेक कलमे. या दोनशेतले बहुतेक तास एक इंजिनाच्या विमानावर काढले जातात आणि मल्टीवर साधारण पंधरा-वीस. कारण साधे आहे: मल्टीचा तास दुपटी-तिपटीने महाग. युरोपच्या नियमांत या रेटिंगसाठी किमान सहा तास सांगितले आहेत, त्यातले साडेतीन एक इंजिन गेल्याच्या अवस्थेतले. अमेरिकेत तासांची किमान अट नाही, परीक्षक समाधानी झाला पाहिजे एवढेच. म्हणजे जगभर सगळ्यांत निर्णायक शिक्षण हेच सगळ्यांत काटकसरीने दिले जाते. मला यात नियामकांचा निष्काळजीपणा दिसत नाही. दिसते ती पैशाची ओढाताण. पैसा कोण देतो यावर तास ठरतात, आणि इथूनच इतिहास सुरू होतो.

१९२८ च्या सुमारास ब्रिटिश भारत सरकारने मुंबई, दिल्ली, कराची, कलकत्ता इथे फ्लाइंग क्लब उभे राहावेत म्हणून विमाने आणि अनुदान दिले. जुहूच्या माळावर, पावसाळ्यात चिखलात रुतणाऱ्या त्या मैदानावर, जे. आर. डी. टाटा शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात दिलेला पहिला परवाना त्यांच्या हाती पडला. टाटांना अनुदानाची गरज नव्हती, हे खरे. पण क्लब चालला तो सार्वजनिक पैशाच्या टेकूवर, आणि त्याच क्लबांतून पुढची पिढी आली. साम्राज्याला हवाई टपाल आणि वैमानिकांची फळी हवी होती, म्हणून त्याने खर्च केला. हेतू परका होता; पण वैमानिक तयार करायला लागणारा पैसा एका घराला झेपत नाही, हे त्या सरकारला कळत होते. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरलेले टाटांचे पस मॉथ एकाच इंजिनाचे होते. दोन इंजिनांचा प्रश्न अजून यायचा होता.

तो महायुद्धाने आणला. युद्धात शिक्षणाचा खर्च कोणी विचारला नाही. युद्ध संपले तेव्हा अमेरिकन लष्कराची उरलेली डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली आणि १९४६ नंतर देशात विमान कंपन्यांचे पेव फुटले. या काळात एक पद्धत रुजली, ती आज हरवली आहे. क्लबात टायगर मॉथवर शिकलेला तरुण कंपनीत लागायचा आणि डाकोटाच्या उजव्या खुर्चीत बसून, जुन्या कॅप्टनच्या शेजारी, पगार घेत दोन इंजिने शिकायचा. अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबातून १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळवलेल्या प्रेम माथुर यांना बाई म्हणून कंपन्या नकार देत होत्या. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना डाकोटावर घेतले आणि त्या देशातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक ठरल्या. त्यांच्यापुढची भिंत जातकुळीने वेगळी होती. पण एकदा दार उघडल्यावर पुढचे शिक्षण दाराच्या आत होते.

१९५३ मध्ये आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. त्यानंतरची जवळजवळ चार दशके ढोबळ चित्र असे होते: क्लबांना सरकारी अनुदान, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेली पुष्पक विमाने, अलाहाबादला १९४८ पासून चालणारे नागरी विमान प्रशिक्षण केंद्र, पुढे १९८५ मध्ये रायबरेलीजवळ फुरसतगंजला स्थापन झालेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, आणि हैदराबादला एअरलाइन्सचे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र. या व्यवस्थेचे दोष मी लपवणार नाही. जागा मोजक्या होत्या, ओळखीपाळखी चालत, क्लबातली विमाने महिनोन्‌महिने बंद पडून असत, आणि शिकायला येणारी मुले बहुतेक शहरांतली, इंग्रजी बोलणारी होती. तरीही दोन इंजिनांचे शिक्षण बहुतांशी नोकरीत लागल्यावर आणि मालकाच्या पैशाने होई, ही त्यातली चांगली गोष्ट होती.

१९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला. नव्या कंपन्या आल्या, तिकिटे स्वस्त झाली, माझ्यासारख्या लाखो माणसांनी पहिल्यांदा विमानाची पायरी चढली. त्याबद्दल मला आनंदच आहे. पण स्वस्त तिकिटाच्या गणितात प्रशिक्षण ही काटण्याजोगी बाब ठरली. मालकाच्या अंगणात मिळणारी विद्या उमेदवाराने स्वतःच्या खर्चाने आधीच घेऊन यावी, अशी अट झाली. मल्टी पाहिजे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग पाहिजे, पुढे बोइंग-एअरबसचे टाइप रेटिंगही स्वतःच्या पैशाने. कोणी परिपत्रक काढून हे ठरवले नाही. भार एकेका वर्षाने घराघरांवर सरकत गेला.

त्या घरांपुढचे आकडे पाहा. फुरसतगंजच्या सरकारी अकादमीचीच फी ४५ लाखांच्या घरात आहे. विमान कंपन्यांच्या नावाने चालणारे कॅडेट कार्यक्रम कोटीपलीकडे जातात. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांवर गेले की बँक तारण मागते. पुण्यामुंबईतल्या घरात सदनिका असते, तिचे कागद पुढे करता येतात. धाराशिवच्या किंवा बुलढाण्याच्या घरात असते ती शेती; आणि शेतजमिनीला २००२ चा सरफेसी कायदा लागू होत नसल्याने थकबाकी झाली तर ती ताब्यात घेणे बँकेला अवघड, म्हणून बँक तिच्याकडे तारण म्हणून पाहतच नाही. दहा एकरांचा धनी असलेला बाप या हिशेबात कफल्लक ठरतो. मग जमीन विकणे किंवा सावकार, हे दोनच रस्ते उरतात. परवाना हाती येईपर्यंत बाजार फिरला, तर पुढे काय? २०१२ मध्ये किंगफिशर आणि २०१९ मध्ये जेट बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिकांची रांग लागली आणि कोरा परवाना घेतलेली मुले तिच्या शेपटाला वर्षानुवर्षे उभी राहिली.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत, पहिल्या गटात, व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम नमूद आहे आणि त्याच्या कंसात मल्टी-इंजिन रेटिंगचा उल्लेख आहे. ज्या कोणी अधिकाऱ्याने ते दोन शब्द कंसात घातले, त्याला हा विषय खरोखर कळला होता. मल्टीवाचून परवाना म्हणजे अर्धी वाट, हे त्याने सरकारी कागदावर मान्य करून घेतले. विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांकडून घेतला जाणारा महसुलातला वाटा सोडून दिला आणि २०२१ मध्ये ज्या पाच विमानतळांवर नव्या संस्थांना जागा दिल्या, त्यांत जळगाव होते. २०२४ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षणाला जीएसटी लागत नाही, हे परिपत्रक काढून स्पष्ट झाले. ही सारी पावले चांगली आहेत. पण पहिले सोडले तर बाकीची संस्थेच्या दारापर्यंत जातात. त्यातले किती मुलाच्या फीमध्ये उतरले, ते कोणीच विचारत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. पुढे मुलगा एअरबस चालवणार, तिथे संगणक असतो, सिम्युलेटरवर इंजिन गेल्याचे प्रसंग वारंवार घोटवून घेतात. मग छोट्या विमानावरच्या पंधरा तासांचे एवढे कौतुक कशाला? उत्तर मला तैपेईत सापडते. ४ फेब्रुवारी २०१५ ला ट्रान्सएशियाचे एटीआर ७२ उड्डाणानंतर लगेच एका इंजिनाला मुकले. दुसरे इंजिन व्यवस्थित चालू होते. कॅप्टनने घाईत चालू असलेले इंजिनच बंद केले. विमान उड्डाणपुलाला घासत नदीत पडले, ४३ जण मेले. सिम्युलेटर तिथेही होता. ‘रिकामा पाय, मेलेले इंजिन, आधी खात्री, मग हात’ हा क्रम माणसात कधी आणि किती खोल रुजतो, हा प्रश्न म्हणूनच उरतो. त्याच जातीचे एटीआर आज आपल्या छोट्या शहरांना जोडते. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीचा बेलोरा विमानतळ सुरू झाला, तेव्हा मुंबईहून उतरलेले पहिले प्रवासी विमान एटीआर ७२ होते.

म्हणून या खर्चाचा एक वाटा समाजाने उचलावा, असे मी आग्रहाने म्हणतो. सगळ्या दोनशे तासांचा नको. ते झेपणारही नाही. फक्त मल्टीच्या तासांचा. केंद्राने आणि विमान कंपन्यांनी मिळून एक फिरता निधी उभारावा, त्यातून मल्टीच्या तासांचे पैसे तास झाल्यावर थेट संस्थेला जावेत, आगाऊ नकोत. नोकरी लागल्यावर मुलाने हप्त्याने परत करावे आणि नोकरी लागेपर्यंत व्याज चढू नये. राज्यापुरते बोलायचे तर महाराष्ट्राला यात मोठा अधिकार आहे, कारण बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, नागपूर, जळगाव असा प्रशिक्षणाचा एवढा पसारा फार थोड्या राज्यांत आहे. गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवर शिकायला देशभरातून मुले येतात. शेजारच्या आमगावच्या मुलाला तिथे जायला कर्ज मिळू नये, हे मला बोचते.

आणि पैशाआधी एक बिनखर्चाचे काम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ मध्ये प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी पहिल्यांदा जाहीर केली, तेव्हा सर्वांत वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. त्या प्रतवारीत आणखी चार रकाने घालावेत: संस्थेकडे उडण्याजोगी दुइंजिनी विमाने किती, विद्यार्थ्याला मल्टीचे प्रत्यक्ष तास किती मिळाले, त्यातले एका इंजिनावरचे किती, आणि मल्टीसाठी त्याला किती दिवस थांबावे लागले. सोनेगावपासून दीडशे किलोमीटरवर, बेलोऱ्याला, एअर इंडिया आपली प्रशिक्षण संस्था उभारते आहे. तिच्यासाठी मागवलेल्या ३४ विमानांत एक इंजिनाची ३१ आणि दोन इंजिनांची तीन आहेत. तिथली पहिली तुकडी बाहेर पडेल, त्या दिवशी हे चार आकडे तिच्या फी-पत्रकाशेजारी छापलेले असावेत.